पलीकडचा कॉम्प्युटर

रिमोट डेस्कटॉपची जोडणी फसली की विंडोज एक संदेश दाखवतं. त्यात जोडणी न होण्याची तीन कारणं अनुक्रमांक घालून दिलेली असतात. पलीकडच्या कॉम्प्युटरवर ही सोय चालू केलेली नाही. किंवा तो कॉम्प्युटर बंद आहे. किंवा तो नेटवर्कवर उपलब्ध नाही. म्हणजे तो येऊ देत नाही, किंवा निजलाय, किंवा मुळात तिथे नाहीच. या तिन्हींतलं नेमकं कोणतं खरं, ते विंडोज सांगत नाही. खाली दोन बटणं असतात, ‘ओके’ आणि ‘हेल्प’. ‘हेल्प’ दाबून कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून लोक मुकाट्याने ‘ओके’ दाबतात आणि फोन लावतात.

फोन अर्थातच त्या पलीकडच्या कॉम्प्युटरशेजारी बसलेल्या माणसाला. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर तिथे आयटी विभाग नावाचं खातं असतं, तक्रारीला नंबर मिळतो आणि नंबर मिळाल्याचं समाधानही मिळतं. एका घरातून दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर जायचं असलं की हे खातं दोन माणसांत वाटलेलं असतं: अलीकडे पुतण्या, पलीकडे काका. कोथरूडचा पुतण्या आणि कऱ्हाडचे काका ही जोडी महाराष्ट्रात थोड्याफार फरकाने घरोघर आहे. कुठे ती ठाणे-चिपळूण असते, कुठे न्यू जर्सी-नाशिक. पुतण्या ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’, म्हणजे तो हिंजवडीत एका कंपनीच्या सॉफ्टवेअरची चाचणी करतो. त्यामुळे प्रिंटर, वायफायचा डबा, टीव्हीचा रिमोट आणि कधी कधी गीझर यांतलं त्याला सगळं कळत असणार, अशी नातेवाइकांची खात्री आहे. काका निवृत्त आहेत, गावच्या देवस्थान ट्रस्टचे खजिनदार आहेत आणि ट्रस्टचा जमाखर्च त्यांच्या डेस्कटॉपवर आहे. वार्षिक सभा तोंडावर आली की पुतण्याने त्या फायलीत हात घालावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

मग ती फाइल ईमेलने का पाठवत नाहीत, असं कोणीही विचारेल. पुतण्याने विचारलंच होतं. फाइल आलीही. पण ती कोथरूडला उघडली तेव्हा तिच्यात इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि युरोपातल्या कुठल्याशा भाषेतले टोपीवाले स्वर एवढंच दिसत होतं. काकांचा जमाखर्च युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायचे. फॉन्ट असला तर ‘देणगी’ दिसते, नसला तर कचरा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्टही आला. पण छापखाने, कचेऱ्या आणि ट्रस्टांचे खजिनदार पुढे कित्येक वर्षं जुन्याच फॉन्टांवर टाइप करत राहिले. काकांचा फॉन्ट एका कुलूपबंद सॉफ्टवेअरबरोबर आलेला आहे आणि ते कुलूप, म्हणजे बोटाएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा, कऱ्हाडच्या सीपीयूला मागून खोचलेलं आहे. फाइल पुण्याला येऊन उपयोग नाही. पुतण्यालाच कऱ्हाडच्या कॉम्प्युटरात जायला हवं.

दूरच्या कॉम्प्युटरवर काम करण्याची कल्पना तशी जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत व्यासपीठावर बसून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला कॉम्प्युटर चालवून दाखवला. माऊसही लोकांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. चित्र आणण्यासाठी मायक्रोवेव्हच्या तबकड्या लावल्या होत्या आणि पलीकडच्या टोकाला प्रयोगशाळेतली हुशार मंडळी बसलेली होती. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एंगेलबार्ट यांना फोनवरून ‘जरा मागची वायर हलवून बघा’ असं सांगावं लागलं नाही.

पुढे तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, दोन गोष्टी जवळपास एकदमच बाजारात आल्या. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेने व्हीएनसी हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली. आजच्या रिमोट डेस्कटॉपचा प्रोटोकॉल, आरडीपी, तिच्यातला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ही सोय टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरवर उतरली. पण फक्त ‘प्रोफेशनल’ आवृत्तीत. घरासाठी म्हणून जी आवृत्ती विकली जाते तिच्यातून बाहेर कुठेही जाता येतं, तिच्यात मात्र कोणाला येता येत नाही. एक्सपीपासून विंडोज इलेव्हनपर्यंत हा नियम कायम आहे. दोन घरांतल्या कॉम्प्युटरांची जोडणी करू पाहणाऱ्यांपैकी अनेकांचा शोध इथेच संपतो. सेटिंगच्या पानावर एक विनम्र ओळ असते, ‘तुमच्या आवृत्तीत ही सोय नाही’, आणि तिथपर्यंत पोहोचायला अर्धी संध्याकाळ गेलेली असते.

काकांकडे सुदैवाने ‘प्रोफेशनल’ आहे. दुकानदाराने बिलात लावलं होतं म्हणून.

तर पुतण्या फोनवर पहिला प्रश्न विचारतो, कॉम्प्युटर चालू आहे का? काका म्हणतात, “चालूच आहे की. सकाळपासून चालू आहे.” स्क्रीनवर काय दिसतंय? “काळं.” काळं म्हणजे? “काळं म्हणजे काळं. आता याला काय म्हणू?” काकांच्या लेखी मॉनिटरवरचा दिवा लागलेला असला की कॉम्प्युटर चालू. टेबलाखालच्या डब्यालाही एक दिवा असतो आणि तो मंद लुकलुकत असला तर यंत्र झोपलेलं असतं, हे पुतण्याने गेल्या वेळी सांगितलं होतं. काही वेळ कोणी हात लावला नाही की विंडोज वीज वाचवण्यासाठी झोपतं आणि झोपेत ते कोणाच्या हाकेला ओ देत नाही. हीच त्या तीन कारणांतली क्रमांक दोनची भानगड.

इथे एक गोष्ट पुतण्याला अनुभवाने कळलेली असते. या सगळ्या प्रकारात बिघाड असा बहुधा नसतोच. कॉम्प्युटर झोपतो, कारण त्याला वीज वाचवायला सांगितलेलं आहे. फायरवॉल अडवतो, कारण त्याला अनोळखी माणसाला अडवायला ठेवलेलं आहे. राउटर पत्ता लपवतो, विंडोज पासवर्ड मागतं, काका कोणालाही कोड सांगत नाहीत. प्रत्येक जण नेमून दिलेलं काम चोख करत असतो आणि म्हणूनच जोडणी होत नाही. एखादी गोष्ट मोडलेली असती तर ती बदलून तरी आणता आली असती.

झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवण्याची सोयही आहे. तिला वेक-ऑन-लॅन म्हणतात. ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा एक छोटा संदेश पाठवायचा: आधी सहा बाइट्स नुसते एक्यांनी भरलेले आणि मग त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइट्सचा पत्ता ओळीने सोळा वेळा. एकूण १०२ बाइट्स. कोणाला सोळा वेळा नावाने हाक मारली की तो उठतो, हे तत्त्व काकूंना लगेच पटलं. त्या काकांच्या बाबतीत रोज सकाळी हेच करतात. अडचण एवढीच की ही हाक साधारणपणे घरातल्या घरात ऐकू जाते. पुण्याहून मारलेली हाक कऱ्हाडच्या राउटरच्या दारात विरते. झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवायला त्याच घरात दुसरं काहीतरी जागं असावं लागतं, आणि दुसरं जागं असलेलं काही म्हणजे पुन्हा काकाच.

काकांनी माऊस हलवला आणि यंत्र जागं झालं की पत्त्याचा प्रश्न येतो. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करायचं आणि आलेलं वाचून दाखवायचं. काका वाचन मनापासून करतात. पहिल्या ओळीपासून करतात. मायक्रोसॉफ्टचं नाव, एथरनेट अडॅप्टर, मीडिया डिसकनेक्टेड, पुढचं अडॅप्टर. मध्येच आयपीव्ही६ चा बत्तीस आकडे-अक्षरांचा पत्ता येतो तो ते कोलनसकट वाचतात. शेवटी पुतण्याला हवा असलेला आकडा येतो: “एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट, टिंब, एक, टिंब, पाच.” पुतण्या आपल्याकडचा पत्ता बघतो. तोही १९२.१६८.१.५.

काकांना यात घराण्याचा योग दिसतो. “एकच नंबर आलाय की रे दोघांना!” खरं म्हणजे तो घराण्याच्या पलीकडचा योग आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या एका नियमानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते पुण्यात आहेत, कऱ्हाडात आहेत, पॅरिसमध्ये आहेत, आणि दाराबाहेर त्यांना कोणीही विचारत नाही. हाउसिंग सोसायटीसारखी ही व्यवस्था. पोस्टाला ठाऊक असतो तो सोसायटीचा पत्ता. आत ‘फ्लॅट नंबर पाच’ प्रत्येक सोसायटीत असतो. फाटकावरचा वॉचमन म्हणजे राउटर. आतल्या माणसाने बाहेरून काही मागवलं असेल तर वॉचमन त्याची वहीत नोंद करून ठेवतो आणि माल आला की बरोबर पाच नंबरला धाडतो. पण कोणी अचानक फाटकावर येऊन ‘आत कोणाच्या तरी घरी जायचंय’ म्हणाला तर तो त्याला परत पाठवतो. वॉचमन ठेवलेला त्याचसाठी असतो.

ही युक्ती १९९४ मध्ये कागदावर आली. तिचं नाव नॅट. त्या काळच्या मंडळींना एक हिशेब दिसत होता: इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते ४२९ कोटींच्या आसपास आहेत आणि माणसं त्याहून जास्त, शिवाय माणसामागे एक यंत्र पुरणार नाही. झालंही तसंच. पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिकचं वाटप पाहणारी एपीनिक ही संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत आली. मग इंटरनेट कंपन्यांनी आणखी एक मजला चढवला. एकच खरा पत्ता अनेक घरांत वाटायचा आणि त्या घरांच्या राउटरांनाही आतलेच पत्ते द्यायचे. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारी वेगळी ओळ राखून ठेवली गेली.

म्हणून जाणकार पुतण्या काकांना राउटरच्या पानावर नेतो आणि ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, वाचायला लावतो. तो आकडा १०० ने सुरू होऊन पुढे ६४ ते १२७ यांतलं काही असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे ठरावीक क्रमांकाने येणाऱ्याला थेट पाच नंबरला सोडायला वॉचमनला सांगून ठेवणं, हा खटाटोप तिथेच सोडून द्यावा. फाटकाबाहेर आणखी एक फाटक आहे आणि त्याची किल्ली ना काकांकडे आहे ना पुतण्याकडे. ही गोष्ट माहीत नसलेले लोक राउटरचं सेटिंग रात्रभर उलटसुलट करत बसतात. राउटर बिचारा सगळं ऐकतो, ‘सेव्ह्ड सक्सेसफुली’ म्हणतो आणि फरक काहीच पडत नाही.

ज्यांच्याकडे खरा पत्ता असतो त्यांचं पोर्ट फॉरवर्डिंग यशस्वी होतं, आणि ते तर जास्त वाईट. आरडीपी ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. हा क्रमांक जगजाहीर आहे. तो इंटरनेटवर उघडा ठेवला की थोड्याच वेळात जगभरातून कोणीतरी दार ठोठावून पाहू लागतं. पासवर्डांचे अंदाज बांधणारे प्रोग्राम तर चोवीस तास कामावर असतात. १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने ब्लूकीप नावाने गाजलेल्या एका भोकाची दुरुस्ती जाहीर केली. जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधलं हे भोक असं होतं की आत यायला पासवर्डही लागत नव्हता आणि एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा किडा त्यातून बनू शकत होता. प्रकरण एवढं गंभीर होतं की २०१४ मध्येच ज्याचा सांभाळ थांबवला होता त्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा कंपनीने दुरुस्ती काढली. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला घरून बोलावून आणावं, अशी वेळ. काही मंडळी पोर्टचा क्रमांक बदलून ३३९० करतात आणि निश्चिंत होतात. शोधणारे प्रोग्राम तोही बघतात; त्यांना दुसरं काम नसतं.

आता समजा पुतण्या प्रत्यक्ष कऱ्हाडला गेला आहे. दिवाळीची सुट्टी आहे, लॅपटॉप बरोबर आहे, दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत. निदान हॉलमधून माडीवरच्या कॉम्प्युटरवर तरी जाऊन दाखवू, म्हणून तो बसतो. आधी ‘पिंग’ करतो. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने एका संध्याकाळच्या बैठकीत लिहिलेला हा छोटा प्रोग्राम. ‘आहेस का’ विचारतो आणि ‘आहे’ ऐकतो. माडीवरून उत्तर येत नाही. नवखा माणूस इथे हाय खातो. पण विंडोजचा फायरवॉल पिंगला बहुतेक वेळा उत्तरच देऊ देत नाही; रिमोट डेस्कटॉपचं दार मात्र व्यवस्थित उघडं असू शकतं. उलटही होतं: पिंग छान चालतं आणि ३३८९ बंद. म्हणून पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पोर्टचा आकडा घालून द्यावी, म्हणजे नेमक्या त्याच दाराची चौकशी होते. राउटर नुकताच बदललेला असेल तर विंडोज त्या नेटवर्कला नवं समजतं आणि ‘पब्लिक’ ठरवून टाकतं, म्हणजे काकांच्या माडीला ते एसटी स्टँड समजतं आणि स्वतःचं नाव कोणाला कळू देत नाही.

दार उघडलं की पासवर्ड. काका म्हणतात, “पासवर्ड नाहीच. घरात मी आणि ही. कोणासाठी लावायचा?” विंडोजला हे मान्य नसतं. रिकाम्या पासवर्डाचं खातं फक्त समोर बसून उघडता येतं, दुरून नाही. हा नियम मुळातच घालून दिलेला असतो. घरगुती जोडण्या फसण्यामागे हे एक अगदी हमखास कारण आहे आणि पडद्यावरचा संदेश ‘खात्यावरच्या निर्बंधांमुळे’ असं काहीतरी मोघम बोलतो. नव्या कॉम्प्युटरवर याच्या उलट घोळ असतो. तिथे रोज चार आकडी पिन टाकून आत जायची सवय झालेली असते. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, तो दुरून चालत नाही. दुरून येणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो कधीतरी दुकानदाराने तयार केला होता आणि काकांनी डायरीत लिहून ठेवला होता. कोणत्या वर्षाच्या डायरीत, यावर पुढचा अर्धा तास जातो.

पासवर्ड सापडला, बरोबर टाकला, तरी एक संदेश येऊ शकतो: दोन कॉम्प्युटरांच्या तारखेत वा वेळेत फरक असल्यामुळे ओळख पटवता येत नाही. पुतण्या कोपऱ्यातलं घड्याळ बघतो. काकांच्या कॉम्प्युटरात १ जानेवारी २००९ आहे, रात्रीचे बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली आहेत. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. यंत्राची वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. मग वीज गेली की कॉम्प्युटर आपल्या जन्मवेळेला परत जातो. आपल्याकडे हा आजार चटकन दिसून येतो. ट्यूबलाइट आणि पंखा इन्व्हर्टरवर असतो, वायफायचा डबाही असतो, पण कॉम्प्युटरचा सॉकेट तेवढा नसतो. काकांना तारीख चुकलेली दिसत होती. पण हिशेब तपासणाऱ्यांनी अजून काही म्हटलेलं नव्हतं. घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बसवला की रिमोट डेस्कटॉप चालू होतो, आणि काही वेबसाइट्स वर्षभर ‘सुरक्षित नाही’ म्हणून का अडत होत्या, तेही कळतं.

कधी कधी मात्र दोन्हीकडे सगळं बरोबर असतं आणि तरीही काल चालणारी जोडणी आज चालत नाही. मे २०१८ मध्ये असं एकदम असंख्य लोकांच्या बाबतीत झालं. क्रेडएसएसपी नावाच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीत एक त्रुटी सापडली होती. तिची दुरुस्ती मार्चमध्ये आली आणि मेच्या अपडेटने नियम कडक केला: ज्याने दुरुस्ती घेतलेली नाही त्याच्याशी बोलायचं नाही. ज्या पुतण्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांना ज्या काकांनी घेतलं नव्हतं त्यांच्याकडे जाता येईना. सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. पण अपडेट न घेणाऱ्या कॉम्प्युटरवर अपडेट चढवायला आधी त्याच्यात जायला हवं होतं.

आणि मग एके दिवशी जोडणी होते. कोथरूडच्या पडद्यावर कऱ्हाडचा डेस्कटॉप उमटतो: गणपतीचा वॉलपेपर, त्यावर सत्तर आयकॉन, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘अंतिम ताळेबंद’, ‘अंतिम ताळेबंद खरा’. पुतण्या हात चोळतो तोच फोन वाजतो.

“अरे, बंद पडला! मी काही केलं नाही हां. आपोआप गेलं सगळं.”

काही बंद पडलेलं नसतं. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकाच माणसाला बसता येतं. दुरून कोणी आलं की समोरच्या माणसाच्या पडद्यावर कुलूप पडतं. काका घाबरून पासवर्ड टाकतात आणि आत येतात. ते आत आले की पुतण्या बाहेर फेकला जातो. पुतण्या पुन्हा येतो, काका बाहेर. हा झिम्मा थोडा वेळ चालतो. फोन मध्ये नसता तर तो दिवसभर चालू शकला असता.

आत टिकून राहिलं तरी हातांना नव्या सवयी लावाव्या लागतात. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर ते पुण्याच्याच कॉम्प्युटरला लागू पडतं. कऱ्हाडला पोहोचवायचं तर डिलीटच्या जागी एंड दाबायचं. छापायला दिलेला कागद कुठून बाहेर येईल हा आणखी एक स्वतंत्र विषय. रिमोट डेस्कटॉप स्वतःबरोबर आपल्या घरचा प्रिंटर पलीकडे घेऊन जातो. काका टेबलाशी कागदाची वाट बघत उभे राहतात आणि देवस्थानचा ताळेबंद कोथरूडला बाहेर पडतो. सगळ्यात जपून राहावं ते काम संपल्यावर. सवयीने ‘शट डाउन’ दाबलं गेलं की दीडशेहून अधिक किलोमीटरवरचं यंत्र बंद होतं. ते परत चालू करायला बोट लागतं, आणि बोट काकांचं. काका त्या वेळी नेमके दुपारचे पडलेले असतात.

दोघांना एकच पडदा एकाच वेळी दिसावा असं हवं असेल तर मार्ग वेगळा. विंडोजमध्येच २०१६ पासून ‘क्विक असिस्ट’ आहे, शिवाय टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही जर्मनीतली दोन प्रसिद्ध सॉफ्टवेअरं आहेत. इथे दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेरच्या एका मध्यस्थाकडे जातात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. फाटकं कितीही असली तरी अडचण येत नाही, कारण दोघंही बाहेर पडत असतात, आत कोणी शिरत नाही. फक्त एकाने दुसऱ्याला एक कोड सांगायचा.

कोड हा शब्द ऐकला की काका सावध होतात. ते रास्तही आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन इशारा दिला होता: भामटे लोकांना मोबाइलवर हे ॲप घ्यायला लावतात, नऊ आकडी कोड विचारून घेतात आणि फोनचा ताबा मिळवून खातं रिकामं करतात. तेव्हापासून पेपर, बँकेतले फलक आणि ज्येष्ठ नागरिक संघातली व्याख्यानं यांतून काकांच्या मनावर हे ठसलेलं आहे. मध्यंतरी तर कोणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीपासून सावध करणारी टेप ऐकावी लागायची. पुतण्याने काकांना फोन लावायचा, सरकारी सूचना पूर्ण ऐकायची आणि मग भामटे विचारतात नेमकं तेच विचारायचं: “काका, स्क्रीनवरचा नंबर सांगा.” पलीकडे शांतता. मग अत्यंत सभ्य स्वरात प्रश्न: “तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव काय?”

ओळख पटते. जोडणी होते. आता एकाच पडद्यावर दोन माऊस चालायला लागतात आणि बाण आपोआप हललेला दिसला की काका त्याला पकडून जागेवर आणतात. पुतण्या ‘फाइल’कडे निघालेला असतो, काका त्याला परत मध्यभागी आणून सोडतात. त्यातून एखादा प्रोग्राम बसवायची वेळ आली की विंडोज परवानगी विचारतं आणि तो प्रश्न फक्त समोर बसलेल्या माणसालाच दाखवतं. क्विक असिस्टवरून बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेवढ्यापुरता अंधार. पुतण्याला काहीच दिसत नाही. तो ओरडतो, “काका, यस दाबा!” काका ‘नो’ दाबतात. अनोळखी प्रश्न आला तर ‘नो’ म्हणायचं, हे त्यांना पुतण्यानेच शिकवलेलं असतं.

हल्ली यावर बरा तोडगा निघालाय. वायरगार्ड नावाची एक सुटसुटीत व्हीपीएन पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली आणि टेलस्केलसारख्या सेवांनी तिच्यावर घरगुती वापराचा साज चढवला. दोन्ही यंत्रांवर एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं. मग दोघांना जगात दुसऱ्या कोणाला न दिसणारा एकेक स्वतंत्र पत्ता मिळतो. पुतण्याचाही पाच आणि काकांचाही पाच हा घोळ मिटतो, राउटरला हात लावावा लागत नाही, ३३८९ इंटरनेटवर उघडा पडत नाही. टेलस्केलचे पत्तेही त्याच १०० वाल्या राखीव ओळीतले असतात. पुतण्याने गणपतीत कऱ्हाडला जाऊन हे सगळं बसवलं. कॉम्प्युटर झोपणार नाही असं केलं. वीज गेली आणि परत आली तर आपोआप चालू व्हावं, हे सेटिंग बायोसमध्ये शोधून लावलं. सेल नवा होता, पासवर्ड पक्का होता, काकांना कोणत्याही प्रसंगी काहीही करायचं नव्हतं.

वार्षिक सभेच्या आठवड्यात त्याने कोथरूडहून जोडणी लावली. संदेश आला: सोय चालू नाही, किंवा कॉम्प्युटर बंद आहे, किंवा नेटवर्कवर नाही. काकांना फोन केला तर ते कोल्हापुरात लग्नघरी. मागे सनई, पुढे काकूंचा आवाज. काकूंनी निघताना गॅस बघितला, नळ बघितले, खिडक्या लावल्या आणि घराचा मेन स्विच खाली केला. तीन दिवस घराला कुलूप राहणार म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय करावं?

किल्ली शेजारच्या मावशींकडे होती. मावशी फोन कानाला लावून घरात शिरल्या, मेन वर केला आणि टेबलाखाली वाकून दिवे मोजू लागल्या. डब्याचा हिरवा लागला, वायफायचा केशरी लुकलुकायला लागला, कऱ्हाडचा डेस्कटॉप कोथरूडला आला. पुतण्याने आभार मानून फोन ठेवायचं म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, “थांब, लाइनवर आहेसच तर विचारते. आमच्याही कॉम्प्युटरात तुला तिकडून असं येता येईल का रे? ह्यांचं पेन्शनचं काहीतरी अडलंय.”

“येईल ना मावशी. तुमच्याकडे विंडोज कुठलं आहे, होम का प्रोफेशनल?”

“कुठे लिहिलेलं असतं ते? थांब, चष्मा आणते.”